दोन खिळ्यांचं मीटर

आमच्या मिस्त्रींना भांडता येत नाय. देवानं त्यांच्या वाट्याचं भांडण पण मलाच दिलं, आन् मी ते वाया जाऊ देत नाय. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की भागूबाई लई खुनशी आहे. आहेच मी.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा, कडूबा. नाव एकदा घेतलं, आता परत घेणार नाय. सासूची दोन लेकरं गेली आन् तिसरं जगलं, म्हणून ते नाव ठेवलं, मरणाला गोड लागू नये म्हणून. गाव आमचं लाडसावंगीच्या पल्याड. सासरा औत, तिफणी, वखर घडवायचा. घरोघरी ट्रॅक्टर आले तसं ते काम बसलं, मंग आम्ही शहरात, गारखेड्यात आलो. सव्वीस वर्षं झाली त्याला. मी पापड, कुरडया, शेवया करून विकते. मिस्त्री सगळं सुतारकाम करतात, पण जीव त्यांचा दारात.

दार म्हणजे किती, तर आम्ही रस्त्यानं चाललो की प्रत्येक घराशी ह्यांचा पाय रेंगाळणार. माणसांची नावं लक्षात नाय राहत, दारं राहतात. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की मी सांगायचं, अहो, ते कमळाच्या दारवाले, तवा ह्यांना उलगडा होणार. स्वतः केलेलं दार दिसलं की जाता जाता त्याच्यावर दोन बोटं वाजवणार, म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी.

आन् दुसरी सवय गालाची. वखारीत लाकूड घ्यायला गेले की फळी उचलायची, डोळे मिटायचे आन् गालाला लावायची. ओलं लाकूड गालाला थंड लागतं, वाळलेलं लागत नाय, हे सासऱ्यानं शिकवलेलं. पोरं हसायची. मिस्त्री फळीचा मुका घ्यायलेत म्हणायची. पण इतक्या वर्षांत तो गाल चुकला नव्हता.

चुकला तो मधुसूदनकाकांच्या दाराला.

मधुसूदनकाका बँकेतून रिटायर झालेले, आन् अंबिकाकाकू शाळेत बाई होत्या. दोघांनी आयुष्यभर भाड्याच्या घरात काढून शेवटी गारखेड्यातच एक बारकं घर बांधलं. काकू माझ्या कुरडयांचं जुनं गिऱ्हाईक. म्हणाल्या, भागूबाई, बाकी कशालाही पत्रा-प्लायवूड चालेल, पण पुढचं दार सागवानाचं पाहिजे, आन् ते मिस्त्रींनीच करायचं. लाकूड आप्पासाहेबांकडून घ्यायचं काकांनी ठरवलं होतं. आप्पासाहेबांची शेंद्र्याची जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशावर त्यांनी चिकलठाण्याच्या अलीकडं लाकडाची वखार टाकलेली. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, पांढरे बूट. लाकडाच्या धंद्यात राहून ज्याच्या बुटाला भुसा लागत नाय तो माणूस मला पहिल्यापासून पटला नव्हता, पण मला इचारतं कोण.

फाल्गुन सरत आला होता. फळ्या शेडच्या पत्र्यावर पसरून ठेवलेल्या, उन्हात तापलेल्या. मिस्त्रींनी एक एक उचलून गालाला लावली. गरम, कोरडी. दार झालं. मधोमध कलश, भोवती वेल. दोन महिने खपून केलेलं ते दार बसवायला नेलं तवा मी स्वतः त्याला हळद-कुंकू लावलं.

आखाजीनंतर वास्तुशांत होती. त्या वर्षी उन्हानं नुसता भट्टा लावलेला. आन् दाराला पीळ बसला. वरचा कोपरा दोन बोटं भायेर, खालचा चौकटीत रुतलेला. कार्याच्या सकाळी काकू कलश घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या, भटजी मंत्र म्हणतायत, आन् दार उघडंना. आमचे मिस्त्री पुढं झाले, खांद्यानं रेटलं, तवा ते कर्रकर्र करत उघडलं. पुन्हा मात्र लागलं नाय.

आमच्यात घर झालं की गवंड्याला आन् सुताराला मान असतो. ताटात टॉवेल, टोपी, नारळ. पुरुषांची पंगत उठल्यावर काकांनी दोन ताटं आणून ठेवली होती. गवंड्याला दिलं. मंग काका थोडे घुटमळले, कारण दार समोरच वाकडं उभं. तेवढ्यात आप्पासाहेब हात धुऊन आले. त्यांना पण आवतण होतं. दाराकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, सागवान माझं सोन्यासारखं होतं हो. पण औतं घडवणाऱ्याच्या हातात बंगल्याचं दार दिलं तर असंच व्हायचं. आन् एवढं बोलून त्यांनी ताटातला तो टॉवेल उचलला, मिस्त्रींच्या मानाचा टॉवेल, आन् त्याला हात पुसले. सावकाश, एक एक बोट. पुसून तो परत ताटात टाकला.

लोक हसले. सगळे नाय, पण हसले. काका पण कसंनुसं हसले. मी बायांच्या पंगतीत होते, भरल्या पानावरून तशीच उठले. मिस्त्रींनी नारळ तेवढा उचलला, काकूंच्या पाया पडले आन् उघड्या डोक्यानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते वखारीत गेले. भांडायला नाय, इचारायला. शेठ, लाकूड ओलं तर नव्हतं ना. आप्पासाहेब म्हणाले, तुम्हीच गालाला लावून घेतलं होतं ना? मग आता त्याच गालावर मारून घ्या.

हे मला मिस्त्रींनी सांगितलं नाय. तिथल्या हमालानं सांगितलं, आठ दिवसांनी. तवापासून पापड लाटताना लाटण्याखाली मला तो पांढरा शर्ट दिसायचा. आमची शेजारीण आशाबाई म्हणाली की भागूबाई, तुमचे पापड अलीकडं लई पातळ यायलेत.

आप्पासाहेब तिथं थांबले नायत. जो ठेकेदार वखारीत येईल त्याला ते दार बघून या म्हणून सांगायचे. बोलावणी बंद झाली. मिस्त्रींना माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली, ती म्हणजे त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं. म्हणायचे, गाल म्हातारा झाला माझा. श्रावणात त्यांनी रंधे, पटाशा, करवती सगळं गोणपाटात बांधलं आन् माळ्यावर टाकलं. माझा धाकटा भाऊ बन्सी चिकलठाण्याला एका कंपनीत आहे, तिथं मशीन पाठवायची लाकडी खोकी करतात. त्याला सांगून मिस्त्री तिथं खिळे ठोकायला लागले. ज्यांनी कलश कोरला ते हात खोकी ठोकायले होते, आन् खोकी काय, माल पोचला की फोडून टाकतात. घरी येताना आता रस्त्याच्या दारांकडं बघायचे नायत. स्वतःच्या केलेल्या दारांवर बोटं पण वाजवायचे नायत. ते मला सगळ्यात वाईट दिसायचं.

पौषात एकदा बन्सी सहज बोलता बोलता बोलून गेला. कंपनीत परदेशी जाणाऱ्या खोक्यांना लाकूड ओलं चालत नाय, म्हणून एक मीटर असतं. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा येतो, शंभरात किती पाणी ते. दाराला आपल्या गावच्या हवेत दहा-बारा पाहिजे. वीसच्या वर गेलं की ते लाकूड पुढं हटकून वाकणार.

माझ्या हातातलं काम थांबलं. म्हणलं, बन्स्या, हे तू मला आठ महिन्यांनी सांगू राहिला? तो म्हणाला, दाजी रोज बघतात की ते मीटर. मी मिस्त्रींकडं बघितलं. ते बशीत चहा ओतत होते. म्हणाले, बघून काय करू. गाल चुकला तो चुकला.

मी ठरवलं, मीटर घ्यायचं. कंपनीत जे मीटर होतं त्या किमतीत मला पिठाची गिरणी आली असती, ते सोडून दिलं. स्वस्तातलं पाहिजे पण खोटं बोलणारं नको. आता स्वस्तातलं खरं कोणतं हे कळायचं कसं? दुकानदार तर सगळंच चांगलं म्हणतो. मी वाळवणवाली बाई आहे. कुरडई वरून खुळखुळीत वाळते आन् आत ओल धरून बसते, मंग डब्यात बुरशी. ती वाळली का नाय हे मी डोळ्यानं नाय ठरवत, वजनानं ठरवते. उन्हात ठेवायची, तोलायची, परत ठेवायची, परत तोलायची. वजन उतरायचं थांबलं की पाणी संपलं. लाकडाला पण तेच लावायचं ठरवलं. खरा आकडा आधी आपण काढायचा, मंग मीटरनं तो सांगायचा. जे मीटर जवळ येईल ते आपलं.

ओलं लाकूड कुठून आणायचं? आप्पासाहेबांकडूनच. बन्सीला तिथं कोण ओळखत नव्हतं. तो गिऱ्हाईक बनून गेला आन् पत्र्यावरची एक फळी घेऊन आला. वाळलेलं आहे असं आप्पासाहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलेलं.

मीटर तीन आणली. एक शहरातल्या दुकानातून, त्याला नुसते दिवे, हिरवा नायतर लाल. दोन ऑनलाइन. त्यातलं एक चपटं, सुया नाय, नुसतं फळीवर टेकवायचं. दुसऱ्याला बोटाएवढ्या अंतरावर दोन सुया, वर आकडा, आन् सोबत कोणत्या लाकडाला कोणतं बटण ते लिहिलेलं पुस्तक. ते इंग्रजीत, बन्सीनं वाचून सागाचं बटण शोधलं.

मंग मी माळ्यावरून करवत काढली आन् फळी मधोमध कापायला बसले. आजवर मी खोबरं सोडून काय कापलं नव्हतं. करवत अडकायची, मी शिव्या घालायची, परत अडकायची. मिस्त्री भिंतीला टेकून बघत होते. थोडा वेळ त्यांनी सोसलं. मंग उठले, माझ्या हातातून करवत घेतली आन् चार हिसक्यांत फळी दोन केली. सहा महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या अवजाराला हात लावला होता. मी तोंडातून एक शब्द काढला नाय. बोलले असते तर ठेवून दिली असती.

कापलेल्या तोंडाचा एक बारका तुकडा काढून पापडाच्या काट्यावर ठेवला. चौसष्ट ग्रॅम. तिन्ही मीटर त्याला लावून आकडे लिहून ठेवले, आन् तो आशाबाईच्या नानकटाईच्या भट्टीत मंद आचेवर टाकला. तासातासाला काढून तोलायचं. आशाबाई कुरकुरली की माझ्या नानकटाईला सागाचा वास लागंल. संध्याकाळी वजन पन्नासावर येऊन थांबलं. चौदा ग्रॅम पाणी, पन्नास ग्रॅम लाकूड. बन्सीनं मोबाइलवर भागलं. शंभराला अठ्ठावीस.

दिव्याच्या मीटरनं लाल दिवा दाखवलेला. लाल म्हणजे किती लाल, ते त्याला पण माहीत नाय. चपट्यानं एकोणीस सांगितलेलं. सुयांच्या मीटरनं सत्तावीस. झालं, तेच ठेवलं. चपटं परत पाठवलं. दिव्यांचं दुकानदार परत घेईना, मी त्याच्या दुकानासमोर पिशवी टेकवून बसले आन् येणाऱ्या प्रत्येकाला ते मीटर दाखवायला लागले, तवा घेतलं.

पण त्याच दिवशी एक भानगड झाली. मी उरलेली अर्धी फळी घेतली आन् तिच्या अंगावर सुया टेकवल्या. बारा. परत टेकवल्या. बारा. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, हे पण खोटारडं निघालं, त्याच फळीच्या पोटात अठ्ठावीस आन् अंगावर बारा?

मिस्त्रींनी मीटर माझ्या हातातून घेतलं. सुयांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "ह्या दाण्याएवढ्या सुया. वरवरचंच सांगणार." मंग गोणपाटात हात घालून दोन लांब खिळे काढले, सुयांच्या अंतरावर फळीत ठोकले, आत अर्ध्या जाडीपर्यंत, आन् मीटरच्या सुया त्या दोन खिळ्यांच्या डोक्यांवर टेकवल्या.

सत्तावीस.

खिळ्यांतून आतली ओल भायेर बोलायला लागली होती. मिस्त्रींनी सुया उचलून परत टेकवल्या, परत सत्तावीसच. मंग हळूच म्हणाले, "पत्र्यावर टाकून वरचं तेवढं वाळवतो तो. गालाला वरचंच कळतं." आन् त्यांनी आपला हात आपल्याच गालावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्या पण आलं. माझं रागाचं होतं.

मिस्त्री म्हणाले, कळलं ना आपल्याला, बास झालं. मी म्हणलं, तुम्हाला बास, मला नाय.

मधुसूदनकाकांचं दार तपासून आता काय उपयोग नव्हता. ते एव्हाना वाळलं होतं, वाळता वाळताच तर वाकडं झालं होतं. वाळलेलं लाकूड साक्ष देत नाय. आप्पासाहेबांना यंदाच्या मालावर धरायचं होतं, आन् चार लोकांत, कारण टॉवेल चार लोकांत घेतला होता. मी पाडव्याची वाट बघितली. पाडव्याला वखारीत मंडप असतो. सुतार, ठेकेदार, घर बांधणारे, सगळे मुहूर्ताच्या लाकडाचा सौदा बोलायला येतात, शिरा-चहा असतो. मी अंबिकाकाकूंकडं गेले. त्यांच्या वाकड्या दाराला वर्षभर आतून दोरी बांधलेली. मी म्हणलं, काकू, मी वर्षभर तुमच्याकडं कुरडई घेऊन आले नाय, लाज वाटत होती. आता एक दिवस माझ्यासाठी द्या, दार का वाकलं ते दाखवते. काकू म्हणाल्या, त्या दिवशी तो टॉवेल बघून मी गप्प बसले, त्याची मला रोज टोचणी आहे. येते मी.

पाडव्याला बन्सी आन् काकू धरून आम्ही चौघं गेलो. मिस्त्रींनी धुतलेला सदरा घातलेला, खिशात मीटर, हातात हातोडा. ते शेवटपर्यंत नको म्हणत होते. मी म्हणलं, तुम्ही नुसते खिळे ठोका, बोलायचं मी बघते.

पन्नासेक माणसं होती. आप्पासाहेब खुर्चीत, पांढरेशुभ्र, मागं काचेचं दार असलेलं गार ऑफिस. मी पुढं झाले आन् म्हणलं, शेठ, पाडव्याची एक फळी घ्यायची आहे, पण वाळलेली पाहिजे. त्यांनी मिस्त्रींना ओळखलं आन् हसले. पत्र्यावरची फळी उतरवायला लावली. म्हणाले, "घ्या बाई. पापडासारखं वाळलंय."

मला पापड सांगत होता तो माणूस.

मिस्त्रींनी मीटर काढलं, फळीच्या अंगावर सुया टेकवल्या. मी आकडा मोठ्यानं वाचला, बारा. आप्पासाहेबांनी टाळी वाजवली. बघा म्हणाले, ह्यांचंच यंत्र सांगायलंय. सगळे ऐका. मी पण म्हणलं, हो, सगळे ऐका. तोवर मिस्त्रींनी दोन खिळे ठोकले. हातोड्याचे चार ठोके पडले आन् मंडपातले सगळे सुतार वळले, कारण ठोका कोणाचा आहे हे सुताराला आवाजावरून कळतं. सुया खिळ्यांना टेकल्या. ह्या वेळी मी वाचलं नाय. अंबिकाकाकूंना चष्मा लावून वाचायला सांगितलं. शाळेच्या आवाजात त्यांनी वाचलं, एकोणतीस.

आप्पासाहेब म्हणाले, असली खेळणी रस्त्यावर मिळतात, ह्याच्यावर काय जाता. तवा मिस्त्री, ज्यांना मी बोलू नका सांगितलं होतं, त्यांनी फळी ओढली, वखारीतलीच करवत आडवी घातली आन् मधोमध कापली. कापलेलं तोंड गडद, ओलसर, कच्च्या लाकडाचा वास. त्यांनी ते पयल्यांदा स्वतःच्या गालाला लावलं. मंग शेजारच्या सुताराला दिलं, त्यानं लावलं. मंग त्याच्या शेजारच्यानं. असं करत तो तुकडा सगळ्या मंडपात फिरला. ज्यांनी सकाळीच लाकूड बोलून ठेवलं होतं ते उठून मिस्त्रींजवळ आले, आमची पण बघा म्हणाले. एक फळी, दोन, पाच. अठ्ठावीस, एकतीस, सव्वीस. शिऱ्याच्या बश्या तशाच राहिल्या. मुहूर्ताचं बोलणं मात्र कुणाच्या तोंडून निघंना.

शेवटी तो तुकडा अंबिकाकाकूंच्या हातात आला. त्या खुर्चीपाशी गेल्या आन् म्हणाल्या, "आप्पासाहेब, गालाला लावा."

त्यांनी लावलं. पन्नास माणसांसमोर लावलं. गालावर ओला भुसा चिकटला, पांढऱ्या शर्टावर पडला. मला त्या वेळी जे वाटलं ते सांगते, मला लई बरं वाटलं. वर्षभराचा पापड एका दिवसात वाळावा तसं.

मंग ते खालच्या आवाजात म्हणाले, काय पाहिजे ते बोला. मिस्त्री तोंड उघडायच्या आत मी बोलले. काकूंच्या दाराला नवीन सागवान, मिस्त्री खिळे ठोकून निवडतील ते. मिस्त्रींना आत्ता, इथं, कोरा टॉवेल आन् टोपी. आन् काकूंचं ते वाकडं दार तुमच्या ऑफिसला. काचेचं काढायचं, ते बसवायचं. मिस्त्री बसवून देतील. गिऱ्हाईक आधी त्या दारातून जाईल आन् मंग लाकूड घेईल.

पयल्या दोन गोष्टींना त्यांनी मान हलवली. तिसरीला नाय म्हणाले. मी म्हणलं, नाय तर नाय. समोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही दोघं उद्यापासून बसतो. तुमच्या फाटकातून जी फळी भायेर येईल ती मिस्त्री तपासून देतील, सगळ्यांना, फुकट. मला पापड कुठं पण लाटता येतात. त्यांनी मंडपाकडं बघितलं. सगळे त्यांच्याकडंच बघत होते. हो म्हणाले.

हमालाला पळवून टॉवेल आणवला. आप्पासाहेबांनी तो मिस्त्रींच्या खांद्यावर टाकला, टोपी घातली. मिस्त्री त्यांच्या पाया पडायला वाकले होते, सवयीनं. मी मागून सदरा धरला.

काकूंचं नवीन दार झालं. त्यावर परत कलश आहे, आन् ते बोटानं ढकललं तरी लागतं. मिस्त्रींनी खोक्यांचं काम सोडलं. आता दोन-दोन महिने त्यांना सवड नसते, आन् ज्यांना दार नको असतं ते नुसतं मीटर घेऊन चला म्हणून येतात. वाकडं दार ऑफिसला लागलं. म्हणजे बसलं, लागत काय नाय. वरच्या कोपऱ्यातून गार हवा भायेर जाते, खालून कुत्री आत येतात. येणारा प्रत्येकजण इचारतो, शेठ, हे दार असं कामून? मी दर पंधरा दिवसांनी चिकलठाण्याला कुरडया द्यायला जाते. सरळ रस्ता आहे, पण मी वखारीवरून जाते.

पुढच्या पाडव्याच्या आधी आप्पासाहेबांनी माणूस पाठवला. दारानं जीव नकोसा केला आहे, मिस्त्रींनी येऊन तेवढा रंधा मारून सरळ करून द्यावं, म्हणतील ते देईन. ह्यांनी आजवर कुणाच्या कामाला नाय म्हणलेलं नाय. लगेच रंधा पिशवीत टाकला. मला धसकाच बसला. मी पण स्कूटरवर मागं बसून गेले.

आप्पासाहेब स्वतः दाराशी उभे होते. मिस्त्री मिस्त्री करत होते, चहा मागवला. मिस्त्रींनी दारावर हात फिरवला, कलशावर, वेलीवर. स्वतःच्याच हातचं काम. मंग मीटर काढलं, दाराच्या कडेला दोन खिळे ठोकले, सुया टेकवल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. अकरा. खणखणीत वाळलेलं, रंधा मारला असता तर तासाभरात सरळ झालं असतं.

मिस्त्रींनी मीटर बंद केलं आन् खिशात टाकलं.

"अजून ओलं आहे, शेठ," ते म्हणाले. "आत्ता रंधा मारला तर परत वाकंल. वाळू द्या."

आप्पासाहेबांनी इचारलं, किती दिवस? मिस्त्री म्हणाले, वर्षभरानं बघू. खिळे काढले, चहा पिले, नमस्कार केला.

येताना स्कूटरवर मी मागून म्हणलं, अहो, अकरा होतं. मिस्त्री म्हणाले, तुला चष्मा लागला आहे. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून मी पयल्यांदा खोटं ऐकलं. गारखेड्याच्या वळणावर त्यांच्या हातचं ते कमळाचं दार लागतं, तिथं त्यांनी स्कूटर थांबवली, खाली उतरले, दारावर दोन बोटं वाजवली आन् परत येऊन बसले.

त्याला आता वर्ष होत आलं, पाडवा पंधरा दिवसांवर आला आहे. मीटरचे सेल मी आजच बदलून ठेवले.